कमी चाललेली अकॉर्ड घ्यावी की भरपूर चाललेली कॅमरी?

आपण दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली २००९ ची होंडा अकॉर्ड २.४ ऑटोमॅटिक, इंदुरातच तुकोगंजातल्या एका बंगल्यात उभी असलेली, अवघी ४६,००० किलोमीटर चाललेली, मागणी ३ लाख ४० हजार. दुसरी २०१३ ची टोयोटा कॅमरी २.५, दिल्लीची नोंदणी, १,४८,००० किलोमीटर चाललेली, मागणी साडेसहा लाख. आपली मर्यादा सात लाखांची आहे, रोजचा वापर शहरातला आहे आणि वर्षातून तीनचार वेळा वृद्ध आईवडिलांना घेऊन पुण्याला जायचे असते. आपला कल अकॉर्डकडे आहे, कारण ती कमी चालली आहे, इथलीच आहे आणि तिच्यात पैसे वाचतात, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. गेली वीसेक वर्षे मी इंदुरात मुख्यतः जपानी ऑटोमॅटिक गाड्यांचेच काम करतो आहे आणि या अनुभवावरून आपल्याला ही तिन्ही कारणे पुन्हा तपासून पाहायला सांगणार आहे.

मूळ प्रश्न कोणती कंपनी अधिक भरवशाची हा नाही, कारण ही दोन्ही मॉडेल घडणीने उत्तम आहेत. अकॉर्डचे के-मालिकेतले २.४ लिटरचे इंजिन आणि कॅमरीचे २.५ लिटरचे टू-एआर इंजिन या दोहोंत ठराविक काळाने बदलाव्या लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, आणि वेळेवर तेल बदलले तर दोन्ही इंजिने दोन लाख किलोमीटरांनंतरही शांत चालतात. मात्र बारापंधरा वर्षांनंतर एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत जितका फरक पडतो, तितका फरक कित्येकदा दोन कंपन्यांतही नसतो. म्हणून आपला प्रश्न मी असा मांडतो: सात लाखांत गाडीची किंमत, कागदपत्रे आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती हे तिन्ही बसवून कोणती गाडी आपल्याला आईवडिलांसह निर्धास्तपणे पुण्याच्या वाटेवर सेंधव्याच्या पुढे नेईल? यातले बरेच काही प्रत्यक्ष तपासणीवर अवलंबून आहे आणि मी या दोन्ही गाड्या पाहिलेल्या नाहीत, तेव्हा पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे.

आधी कमी किलोमीटरांविषयी. सोळा वर्षांत ४६,००० म्हणजे वर्षाला तीन हजारांच्याही आत, आणि बहुधा हे अंतर पहिल्या काही वर्षांतच चालून झालेले असेल, त्यानंतर गाडी उभीच राहिली असेल. चालल्याने गाडी झिजते हे खरे, पण उभी राहिल्याने ती वेगळ्या प्रकारे खराब होते आणि ती खराबी मीटरवर दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या, आत गंज धरतो आणि पिस्टन अडकतो. एसी महिनोन् महिने चालला नाही तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलपर्यंत तेल पोहोचत नाही, सील सुकते आणि भरलेला गॅस दोन महिन्यांत निघून जातो. इंजिनाखालची द्रवभरीत माउंटिंग्ज आणि पुढच्या चाकांना धरणाऱ्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश वयानेच तडकतात, गाडी चालो वा न चालो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या भिंतीवर कोरलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, ते स्वतः वाचावेत. त्यातून इंदूरचे हवामान असे की मे महिन्यात पारा चाळीसच्या वर आणि पावसाळ्यात चार महिने दमट हवा, म्हणजे रबराला दोन्ही बाजूंनी त्रास.

टाकीतल्या पेट्रोलचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. आता आपल्याला पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ही दोन्ही मॉडेल त्या आधीच्या काळातली आहेत आणि त्यांच्या इंधनव्यवस्थेची रचना दहा टक्क्यांपर्यंतचे मिश्रण गृहीत धरून झालेली आहे. रोज चालणाऱ्या गाडीत मला यामुळे मोठा बिघाड फारसा दिसलेला नाही. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे सरासरी थोडी घटते, एवढेच. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि उभ्या गाडीच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत हेच पाणी तळाशी साचून पंप आणि इंजेक्टर बिघडवते. लॉकडाउनच्या काळात उभ्या राहिलेल्या बंगल्यांतल्या गाड्या नंतर माझ्याकडे आल्या, त्यांत इंजिने जवळजवळ सगळी ठणठणीत होती; पैसे गेले ते पेट्रोलचा पंप, अडकलेले कॅलिपर, एसी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगवर. आपल्या अकॉर्डची परिस्थितीही तशीच असण्याची शक्यता मी अधिक धरतो.

म्हणून अकॉर्डच्या मालकांना ‘किती चालली’ हे विचारण्यापेक्षा ‘गेल्या तीन वर्षांत किती चालली आणि त्या काळातली बिले कुठे आहेत’ हे विचारावे. दर आठवड्याला कुणी तरी तिला पंधरावीस किलोमीटर फिरवून आणत असेल आणि वर्षाला एकदा तेल बदलले जात असेल, तर माझे वरचे बरेचसे आक्षेप गळून पडतात. नुसती रोज सकाळी पाच मिनिटे जागच्या जागी सुरू केली जात असेल, तर ते न करण्यापेक्षा वाईट, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि आत साचणारा ओलावा तेलात मिसळत राहतो.

आता अकॉर्डची किंमत खरोखर कमी आहे का ते पाहू. २००९ मध्ये नोंदलेल्या गाडीची पंधरा वर्षे २०२४ मध्ये पूर्ण झाली आहेत. नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या मते या व्यवहारातला हा पहिला प्रश्न आहे. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे आणि मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० रुपये विलंबशुल्क वेगळे. हे नूतनीकरण विकणाऱ्यांनी स्वतःच्या नावावर करून द्यावे आणि मगच व्यवहार व्हावा, असा आग्रह धरा. मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

त्यानंतर दुरुस्तीचा हिशेब. चार टायर, बॅटरी, माउंटिंग्ज, पुढचे बुश, ब्रेकचे काम, कूलंट, गिअरबॉक्सचे तेल, आणि एसी किंवा पेट्रोलचा पंप यांपैकी एखादे मोठे काम धरले, तर इतके दिवस उभ्या राहिलेल्या अकॉर्डला पहिल्या वर्षी सव्वा ते दीड लाख लागतील असे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून धरतो. म्हणजे ३ लाख ४० हजारांची गाडी आपल्याला पाच लाखांच्या आसपास पडते. कॅमरीशी तरीही फरक उरतो, पण प्रथमदर्शनी दिसतो तेवढा नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत अकॉर्डची बाजू मिश्र आहे. हे मॉडेल जगभर प्रचंड संख्येने विकले गेले असल्यामुळे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग बाहेरच्या कंपन्यांचेही मिळतात. अडचण येते ती बॉडीच्या भागांची. हेडलाइट, बंपर, काच, दरवाजाची आतली यंत्रणा यांसाठी दिल्लीचे कश्मीरी गेट किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागतो, आणि गाडी त्या दोनतीन आठवड्यांत उभी राहते. घरात दुसरे वाहन असेल तर हे चालून जाते, ही एकच गाडी असेल तर चालत नाही. आपण याविषयी काही लिहिले नाही, पण निर्णयात याचे वजन मोठे आहे.

एक गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते आणि बॅग उघडताना तिच्या धातूच्या डब्याचे तुकडे उडू शकतात, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतात होंडाने ज्या गाड्या बोलावल्या त्यांत अकॉर्डही होती. चासी क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत केंद्रात हे काम बाकी आहे का, झाले आहे का, ते समजते आणि बाकी असेल तर ते विनामूल्य होते. बंगल्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या मालकांपर्यंत कंपनीचे पत्र पोहोचलेलेच नसते, असे मी पाहिले आहे. आईवडील त्या गाडीत बसणार आहेत, तेव्हा ही तपासणी झाल्याशिवाय पुढचे बोलणेही करू नये.

आता कॅमरी. दिल्लीची गाडी म्हणताच लोक बिचकतात, पण तिची किंमत उतरलेली असते त्याचे कारण पुष्कळदा गाडीत नसून नियमात असते. राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यावर हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. नंतर त्यात वेळोवेळी बदल होत गेले तरी तिथल्या मालकाच्या मनातली धास्ती गेलेली नाही. २०१३ च्या गाडीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये भरतील. म्हणून तिथला मालक ती आताच काढू पाहतो. मध्य प्रदेशात मात्र तपासणीत उत्तीर्ण झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते, त्यामुळे त्याला नकोशी झालेली गाडी आपल्याला वापरता येते.

त्याबदल्यात कागदपत्रांचे काम वाढते. दिल्लीच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, त्यावर इंदूरचे नाव असलेले हवे. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० हवेत. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हवे. नुसते ‘हप्ते फिटले आहेत’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. प्रलंबित चलने कुणी भरायची हे लेखी ठरवावे. शिवाय मध्य प्रदेशाचा आजीवन कर इथे नव्याने भरावा लागेल, आणि तो गाडीच्या मूळ किमतीवर व वयावर ठरत असल्यामुळे कॅमरीसारख्या गाडीला ती रक्कम किरकोळ नसते. साडेसहा लाखांत हा कर धरला तर आपले सात लाख तिथेच संपतील. म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओत गाडीचा क्रमांक आणि मूळ बिलाची प्रत दाखवून कराचा आकडा आधी काढून घ्या आणि तो आकडा हातात ठेवूनच किमतीची घासाघीस करा. माझ्या मते ही गाडी पावणेसहाच्या वर घेऊ नये.

कॅमरीचे १,४८,००० किलोमीटर मला घाबरवत नाहीत. ते खरे आहेत का, एवढाच माझा प्रश्न आहे. टोयोटाच्या अधिकृत केंद्रात नोंदणी किंवा चासी क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळतात, आणि त्यांत प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. आकडे सलग वाढत गेलेले दिसले पाहिजेत. ८०,००० नंतर नोंदी एकदम थांबल्या असतील तर त्यानंतर गाडी कुठे आणि कशी सांभाळली गेली याची बिले मागावीत, आणि ती नसतील तर गाडी सोडून द्यावी. नोंदी पूर्ण असलेली दीड लाखांची गाडी मी नोंदी नसलेल्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा नेहमी वर धरतो. एक खबरदारी: बाजारात याच नावाच्या २००६ ते २०११ मधल्या, २.४ लिटर इंजिनाच्या गाड्या पुष्कळ स्वस्तात दिसतात आणि आपल्याला एखादा दलाल त्या दाखवेलही. त्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमुळे तेल जळण्याची तक्रार जगभर प्रसिद्ध आहे. आपण पाहिलेल्या २०१३ च्या गाडीत त्यानंतरचे २.५ लिटरचे इंजिन आहे, त्याला हा दोष लागू नाही. त्यात पाहायचे ते वॉटर पंपाभोवती गुलाबी रंगाचा वाळलेला थर आहे का, कारण तिथून कूलंट झिरपण्याची ती खूण असते.

दोन्ही गाड्यांत सर्वांत महाग पडू शकणारा भाग गिअरबॉक्स आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. ‘ऑटोमॅटिकचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि त्यानेच सर्वाधिक गिअरबॉक्स वाया गेले आहेत. अकॉर्डच्या पाच गतींच्या गिअरबॉक्सला होंडाचेच तेल लागते; पूर्वी ते झेड-वन होते, आता त्याची जागा डीडब्ल्यू-वनने घेतली आहे. खालचा नट काढला की एकूण साडेसहा लिटरांपैकी जेमतेम अडीच लिटर बाहेर येते, बाकीचे आतच राहते. म्हणून मध्ये थोडी गाडी चालवून ते तीन वेळा बदलावे लागते, तेव्हा कुठे सुमारे चार पंचमांश तेल नवे होते. मशीन लावून दाबाने एकदाच फ्लश करून देतो म्हणणाऱ्याकडे जुना, दुर्लक्षित गिअरबॉक्स देऊ नये, कारण साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक मार्गांत अडकतो. कॅमरीच्या सहा गतींच्या गिअरबॉक्सला तर तेल मोजायची पट्टीच नाही. तेल ठराविक तापमानाला आले असताना खालच्या नळीतून किती ओघळते यावरून पातळी ठरवतात. हे काम ज्याला येत नाही तो अंदाजाने भरतो, आणि कमी भरलेले तेल महिन्याभरात क्लच प्लेट जाळते. सर्व्हिसच्या नोंदीत गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख एकदाही नसेल, तर तेवढ्याच कारणाने मी किंमत तीसचाळीस हजारांनी खाली मागतो.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये असे आधी सांगून ठेवावे. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून घ्यावी. अकॉर्डमध्ये थंड इंजिन सुरू करताना पहिले एकदोन सेकंद खरखर असा आवाज आला तर तो व्हॉल्व्हच्या टायमिंगच्या ॲक्चुएटरचा, म्हणजे झडपा उघडण्याची वेळ बदलणाऱ्या भागाचा असतो; गाडी नाकारावी इतका तो गंभीर नाही, पण खर्चाचा आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर कुणी तरी तो काढून टाकला आहे असे समजावे.

नंतर गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावावा आणि नुसत्या दोषसंकेतांकडे पाहून समाधान मानू नये. विकणारे आदल्या दिवशी संकेत पुसून टाकतात. पण पुसल्यानंतर गाडीच्या संगणकातल्या आतल्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे वापरातले चालणे लागते. स्कॅनरवर या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर कालपरवा काही तरी पुसले आहे किंवा बॅटरी काढली आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी भांडण न करता एक आठवड्याने पुन्हा स्कॅन करू असे सांगावे. ज्याची गाडी चांगली आहे तो मालक याला हरकत घेत नाही.

चालवून पाहण्यासाठी गल्लीतली फेरी उपयोगाची नाही. सुपर कॉरिडॉरवर गाडी ८० च्या वेगाने स्थिर ठेवून स्टिअरिंग थरथरते का, गिअर बदलताना झटका बसतो का, ते पाहावे. नंतर खंडवा रस्त्याने भेरूघाट गाठावा. चढावर गाडीने गिअर उतरवायला वेळ घेतला किंवा इंजिन नुसतेच घुमले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. उतारावर पाय काढून इंजिनाच्या ब्रेकने खाली यावे आणि सपाटीवर जोरात ॲक्सिलरेटर दाबावा. मागे बसलेल्या माणसाला तेव्हा निळसर धूर दिसला तर इंजिन तेल जाळत आहे. परत आल्यावर तापलेली गाडी एसी लावून राजवाड्याच्या गर्दीत अर्धा तास न्यावी. गिअरबॉक्सचे दुखणे थंडपणी लपते आणि इथे बाहेर येते: रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग धक्का देत हलली, तर तिथेच नाही म्हणावे. दिल्लीची गाडी इथे आणून दाखवायला दलाल तयार नसेल तर ही तपासणी तिथे कुणाकडून तरी करून घ्यावी लागेल, आणि ते कॅमरीच्या विरुद्ध जाणारे एक खरे कारण आहे.

हे सगळे धरून माझा कल कॅमरीकडे आहे, मात्र तीन अटींवर: सर्व्हिसच्या नोंदी सलग असाव्यात, ना-हरकत प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात मिळावे आणि कर धरून एकूण खर्च सात लाखांच्या आत राहून दुरुस्तीसाठी निदान साठसत्तर हजार शिल्लक राहावेत. यांतली एकही अट मोडत असेल तर मी तिच्यासाठी ओढ धरणार नाही. अकॉर्डचे नूतनीकरण होऊन मिळाले, एअरबॅगचे काम झालेले निघाले आणि मालक अडीच लाखांच्या आसपास आले, तर घरात दुसरी गाडी असलेल्या माणसाला मी अकॉर्ड आनंदाने घ्यायला सांगेन. ती चालवायला फार सुंदर गाडी आहे. पण पहिले दोन महिने तिला कार्यशाळेत ये-जा करावी लागेल आणि त्या काळात पुण्याचा प्रवास ठरवू नये.

बयाणा देण्यापूर्वी आणखी एक करावे. दोन्ही गाड्या लांब आणि बसक्या आहेत, आणि आपण वडिलांच्या गुडघेदुखीचा उल्लेख केला आहे. त्यांना मागच्या आसनावर बसवून, उतरवून पाहावे, एकदा नव्हे तर दोनतीनदा, आणि शक्य तर तासभराच्या फेरीनंतर. उंच आसनाच्या गाडीची सवय असलेल्या वृद्धांना अशा खोलगट आसनातून उठणे जड जाते. त्यांना ते जमत नसेल तर या दोन्ही गाड्या आपल्यासाठी नाहीत. बयाण्याच्या पावतीवर चासी क्रमांक, ठरलेली किंमत, नूतनीकरण किंवा ना-हरकत प्रमाणपत्र कुणी किती दिवसांत आणायचे आणि ते न आल्यास बयाणा परत मिळेल, हे चारही मुद्दे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.